जुळ्यांचा मोह

टेस्ट ट्यूब बाळासाठी आलेल्या जोडप्याला गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे असे विचारले, तर ‘दोन-तीन सोडा, एक तरी राहील’ हे उत्तर ठरलेले. दोन राहिले तर दुधात साखर. एका खर्चात घर भरले. या हिशेबात धोका मात्र धरलेला नसतो. जुळ्या-तिळ्यांच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाची बाळे, आईचा वाढता रक्तदाब यांचे प्रमाण अधिक असते. उपचारात वाचलेला पैसा मग नवजात अतिदक्षता विभागात मोजावा लागतो.

एकेकाळी जास्त भ्रूण सोडण्याला कारण होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणांपैकी कोणता तग धरेल हे ओळखणे अवघड, आणि उरलेले गोठवून टिकतील याची खात्री नव्हती. आता भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत, ब्लास्टोसिस्ट होईतो, प्रयोगशाळेत वाढवता येतो. व्हिट्रिफिकेशन या अतिजलद पद्धतीने गोठवलेले बहुतेक भ्रूण सुखरूप राहतात. तेव्हा एक सोडावा, बाकीचे पुढच्या खेपेसाठी ठेवावेत. स्वीडनने २००३ पासून हाच दंडक घातला. तिथे जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले, यशाचे मात्र फारसे घटले नाही.

आपल्याकडे २०२२च्या सरोगसी नियमांनी सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचे बंधन घातले. तीनपर्यंतची मुभा केवळ विशेष परिस्थितीत. दुसऱ्याचे मूल वाढवणाऱ्या स्त्रीची ही काळजी रास्तच. स्वतःचे मूल वाढवणारीच्या वाट्याला ती कमी का यावी? वय जास्त असेल, आधीच्या खेपा फसल्या असतील, तर डॉक्टरांनी अपवाद करावा; पण त्याचे कारण कागदावर नोंदवावे.

नुसत्या नियमाने मात्र भागणार नाही. कर्ज काढून आलेल्या जोडप्याला दुसरी खेप परवडेल याचा भरवसा नसतो. त्यांचा मोह त्या भीतीतून येतो. बेल्जियमने हे ओळखले. २००३ मध्ये तिथल्या सरकारने सहा खेपांचा प्रयोगशाळेचा खर्च उचलला आणि बदल्यात ३६ वर्षांखालील स्त्रीला पहिल्या खेपेस एकच भ्रूण, अशी अट घातली. गोव्याने २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचे उपचार, सुरू केले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी या उपचारात इतिहास घडवला, त्या महाराष्ट्रानेही सरकारी रुग्णालयांत ही सोय वाढवावी. आणि यशाच्या टक्केवारीचे फलक लावणाऱ्या प्रत्येक केंद्राला, त्या यशात जुळी-तिळी किती, हेही त्याच फलकावर लिहायला लावावे.