उद्देशिकेच्या पुढे वाचा

संविधानाची उद्देशिका आपल्या मुलांना तोंडपाठ असते. शाळेत परिपाठाला ती म्हटली जाते, कितीतरी कार्यालयांत ती भिंतीवर लावलेली दिसते. हे चांगलेच आहे. पण माझी कळकळीची विनंती आहे, त्या एका पानावर थांबू नका. पुढची पाने उलटा आणि अनुच्छेद 15 काढा.

त्यातल्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे येतात. मग सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा सर्वांच्या वापरासाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून यांपैकी कुठेही कोणाला मज्जाव करता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाचा पायाभूत कायदा, आणि त्यात विहिरीचे नाव घ्यावे लागले!

का घ्यावे लागले, हे महाडला जाऊन बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसह सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले, तळ्यावर काहीच बदलले नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला आलेल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. प्रकरण कोर्टात गेले. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 1937 साली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

पुढे हेच बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत अनुच्छेद 15 च्या या कलमावर चर्चा झाली, तेव्हा प्रश्न निघाला की दुकान म्हणजे नेमके काय? डॉक्टर, वकील त्यात येतात का? बाबासाहेबांनी स्पष्ट केले की जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो यात येतो. नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही, सेवाही दिली पाहिजे. दारात उभे करून वेगळ्या कपात चहा देणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या खुलाशाचे मोल कळेल. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही संमत झाले. आज ते अनुच्छेद 17 आहे.

आणखी काही कलमे तुमच्या रोजच्या उपयोगाची आहेत. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते (22). वेठबिगारीला बंदी आहे (23). 14 वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा खाणीत राबवता येत नाही (24). आणि हे हक्क डावलले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते (32). या शेवटच्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते.

25 नोव्हेंबर 1949 ला, संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी सभागृहाला सावध केले. 26 जानेवारीपासून राजकारणात आपण समान होऊ, प्रत्येकाला एक मत मिळेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोक ही लोकशाहीच उधळून लावतील. हे भाषणही मिळवून वाचा. मराठीत ते छापून आलेले आहे.

तेव्हा एवढे करा. ‘भारताचे संविधान’ मराठीत विकत घ्या, नाहीतर गावच्या वाचनालयात मागा. तिथे नसेल तर आणायला लावा. सगळे एका दमात वाचायचा हट्ट नको. तिसरा भाग घ्या, अनुच्छेद 12 ते 35. रोज एक कलम घरात मोठ्याने वाचा. आजी, सून, कॉलेजातली मुले, कामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना ऐकू द्या. आणि आपल्या गावातल्या पाणवठ्यावर, हॉटेलात किंवा केशकर्तनालयात कोणाला अजूनही वेगळे वागवले जात असेल, तर पुढच्या ग्रामसभेत पुस्तक हातात घेऊन उभे राहा, अनुच्छेद 15 वाचून दाखवा आणि तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला लावा.