तळ्याकाठी पाटी पुरत नाही, जीवरक्षक हवा

३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यावर वर्षासहलीला आलेल्या हडपसरच्या एका कुटुंबातली महिला आणि चार मुले पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. त्यानंतर जे झाले, ते आपल्याकडे बहुतेक पावसाळ्यांत होते. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, रस्त्यावर बॅरिकेड लागतात आणि गर्दी तिथून हटून शेजारच्या एखाद्या ओढ्याकडे, बंधाऱ्याकडे किंवा धरणाच्या फुगवट्याकडे वळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशभरात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. नुसत्या बंदीने हा आकडा खाली येणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक तळे कुटुंबाला निर्धास्तपणे उतरता येईल असे, अधिकृत आणि राखणीतले असायला हवे.

घरातली सहल ठरते तेव्हा डबे, गाडी, आजीला बसायला सावली, मुलांचे जादा कपडे असा सगळा विचार होतो. पाण्याचा मात्र होत नाही, कारण तो करायला लागणारी माहितीच कुठे मिळत नाही. धरणाचा जलाशय वरून तळ्यासारखा संथ दिसला तरी तो पोहण्यासाठी बांधलेला नसतो. काठ गाळाचा असतो. मुरूम उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडते. खालच्या पात्रात वरून सोडलेले पाणी काही मिनिटांत चढते. त्यात बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो, ही समजूत सिनेमाने दिलेली आहे. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला ओरडता येत नाही, आणि लहान मूल तर काठावर सगळे बसलेले असताना मिनिटभरात नाहीसे होऊ शकते. मग त्याला धरायला बाप, काका, बहीण असे एकामागून एक उतरतात आणि एकाच घरातले तिघे-चौघे जातात. ओढणी, दोरी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन काठावरूनच टाकावा, एवढे साधे शिक्षणही आपण कुणाला देत नाही.

याला उपाय आहे आणि तो शेजारच्या गोव्यात दिसतो. तिथे २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले. कुठे उतरावे आणि कुठे नाही, हे झेंड्यांवरून कळते. ही व्यवस्था पुढे मयेच्या तळ्यावर आणि दूधसागर धबधब्यावरही पोचली, म्हणजे ती फक्त समुद्रासाठी आहे असे नाही. युरोपीय संघात समुद्राबरोबरच तळ्यांवरच्या स्नानस्थळांनाही लागू असलेला २००६ चा स्वतंत्र निर्देश आहे. पाण्यातल्या जंतूंची तपासणी होते, दर्जा ठरतो आणि तो काठावर लोकांना वाचता येईल असा लावला जातो. आपल्याकडेही दोरी आणि तरंगत्या डब्यांनी आखलेला उथळ भाग, खोली सांगणारे खांब, पाण्याची नियमित तपासणी, उतरण्याच्या ठरलेल्या वेळा आणि त्या वेळात हजर असलेला जीवरक्षक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

पहिली हरकत पिण्याच्या पाण्याची, आणि ती रास्त आहे. ज्या जलाशयाचे पाणी नळाला येते, तिथे कोणी उतरूच नये. पण निवड करायची असेल तर जिल्ह्यात इतर पाझर तलाव, गावतळी असतात. त्यातले काठ सपाट करता येईल असे एखादे निवडता येते. दुसरी हरकत पैशाची. मनाईच्या दिवसांत उभा केलेला बंदोबस्त आणि अपघातानंतरची शोधमोहीम यांवरही सरकारचा पैसा जातोच. शिवाय माणसे शोधत बसावे लागणार नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव पथके आणि ठिकठिकाणचे भोई, कोळी यांना पाण्याचा स्वभाव ठाऊक असतो. आज त्यांना बोलावणे जाते ते बहुधा मृतदेह काढायला. त्याच हातांना प्रशिक्षण, गणवेश आणि मानधन देऊन आधीच काठावर बसवले, तर प्रवेश आणि पार्किंगच्या शुल्कातून खर्चाचा काही भागही निघेल.

तिसरी हरकत अशी की लोक ऐकतच नाहीत. दारू पिऊन उतरणाऱ्याला आणि कड्यावर सेल्फी काढणाऱ्याला कोण आवरणार? असे लोक आहेत आणि त्यांच्यासाठी दंड हवाच. पण तळ्याकाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. महागडे रिसॉर्ट किंवा जलतरण तलावाची फी परवडत नाही म्हणून उघड्या पाण्याकडे येणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना ‘इथे नको’ एवढेच सांगितले आणि ‘मग कुठे’ हे सांगितलेच नाही, तर ते नियमाबाहेरची जागा शोधणारच. पर्याय असेल तेव्हाच बंदीला वजन येते, आणि तेव्हाच ती मोडणाऱ्याकडून जाब मागण्याचा अधिकार प्रशासनाला मिळतो.

राखणीतले तळे झाले म्हणून घरच्यांची जबाबदारी संपत नाही. लहान मूल पाण्यात असेल तर एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून हाताच्या अंतरावर थांबले पाहिजे. ही पाळी कोणाची, हे निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. पण कुटुंबाने एवढे केल्यावर उरलेले काम शासनाचे आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पर्यटनस्थळांवर कमानी, कारंजी आणि सेल्फी पॉइंट उभे राहतात. त्याच निधीतून येत्या उन्हाळ्याआधी जिल्ह्यात एक तळे निवडून तिथे दोरी आणि जीवरक्षक लावणे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या आवाक्यातले आहे.