पहिला महिना कोणाच्या पैशावर?

१९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला उतरलेला बावीस वर्षांचा एक विद्यार्थी प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिला. तेथील जेवण त्याला मानवेना. आठवडाभरात त्याने मुक्काम हलविला आणि काही हिंदी विद्यार्थी राहत असत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात तो गेला. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा सहवास त्याला लाभला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या चरित्रात हा तपशील दोन-चार ओळींत आटोपतो, आणि ते साहजिकही आहे. पुढे सांगण्यासारखे फार आहे. परंतु एक जागा पसंत पडली नाही म्हणून दुसरी घेता येणे, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नव्हती.

ती किरकोळ नव्हती याची साक्ष चार वर्षांनी बडोद्याने दिली. १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून, कराराप्रमाणे संस्थानच्या चाकरीसाठी आंबेडकर तेथे आले तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी जागा देईना. अखेर पारशी नाव धारण करून एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला, आणि थोड्याच दिवसांत हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी या प्रसंगाची हकीकत सांगताना नमूद केले आहे. ज्याला हजारो मैलांपलीकडे सहज खोली मिळाली, त्याला घरी परतल्यावर ती मिळू नये, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

न्यूयॉर्कमधील ते दिवस शक्य झाले ते बडोदा संस्थानने मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांमुळे. मुदत तीन वर्षांची, आणि मोबदल्यात दहा वर्षे नोकरीची अट. सयाजीराव गायकवाडांच्या औदार्याचा या संदर्भात उल्लेख होतो तो योग्यच आहे. मात्र संस्थानची तिजोरी शेवटी रयतेच्या साऱ्यावर भरत होती, हेही विसरू नये. रक्कम मोठी नव्हती. तिच्यातच काटकसर करून घरी पैसे पाठवावे लागत. परंतु ती किती मिळणार आणि किती काळ मिळणार, हे जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी ठरलेले होते. परक्या देशात पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला हेच सर्वाधिक हवे असते. नवी भाषा कानांवर पडून सवयीची होते, थंडीही अंगवळणी पडते. पण खोलीची अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण, ग्रंथालयापर्यंतचे बसभाडे या गोष्टी वाट पाहत थांबत नाहीत.

आज स्वखर्चाने ब्रिटनला निघालेल्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस बँकेत असल्याचे दाखवावे लागते, आणि तेथील आरोग्यसेवेचे शुल्कही आगाऊ भरावे लागते. ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे त्याला कर्ज मिळते. सार्वजनिक बँका साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला सामान्यतः तारण मागतात. भूमिहीन शेतमजुराच्या मुलीने तारण ठेवायचे काय? गुणवत्ता असली की मार्ग निघतोच, असे म्हणणारांनी हा मार्ग एकदा चालून पाहावा.

अशा मुलामुलींसाठीच नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप ही केंद्राची योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमांत जागा होत्या १२५. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या भटक्या-विमुक्तांसाठी आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. सबंध देशाला १२५! ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यास निर्वाहभत्ता होता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. त्याच वर्षी ब्रिटिश सरकार व्हिसा देताना लंडनमधील विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी महिन्याला १,३३४ पौंड आणि लंडनबाहेर १,०२३ पौंड धरीत होते. भारत सरकारचा विद्यार्थी कमी भाकरी खातो, असे दिल्लीतील हिशेबनिसांनी गृहीत धरलेले दिसते. ही तूट भरून काढण्यासाठी अभ्यास सुरू होतो न होतो तोच मुलाला हॉटेलातील भांडी घासण्याचे काम शोधावे लागते. कष्टाला कमीपणा नाही. पण त्याच वर्गातील सधन घरचा मुलगा ते तास ग्रंथालयात काढतो आणि परीक्षा मात्र दोघांची एकच असते.

याहून गंभीर गोष्ट २०२२ च्या फेब्रुवारीत घडली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक समाजशास्त्रीय अध्ययन हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. या विषयांना देशातच साधने उपलब्ध आहेत, असे कारण देण्यात आले. साधने असतील, परंतु समाजाकडे जरा दुरून पाहण्याची मोकळीक हेही एक साधन असते, आणि ते ज्याला गावात पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले त्याला गावात मिळत नाही. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध भारतातील जातींचे स्वरूप, उगम आणि विकास या विषयावर होता. २०२२ च्या नियमाने तोच विषय घेऊन अर्ज करणारा विद्यार्थी दारातच अडविला गेला असता. चर्मकाराच्या मुलाने संगणक शिकावा, त्याचे स्वागतच आहे. त्याने चातुर्वर्ण्याचा अभ्यास मात्र सरकारी खर्चाने परदेशात करू नये, असा याचा अर्थ होतो. ज्यांना हा अर्थ अतिरंजित वाटतो त्यांनी दुसरा सुचवावा.

आणि २०२५ च्या जुलैत आणखी एक प्रकार झाला. १०६ जणांची निवड जाहीर झाली. त्यांपैकी ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली आणि उरलेल्या ६६ जणांना, निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे कळविण्यात आले. पुढे कोणाला ती केव्हा मिळाली हा निराळा भाग. ब्रिटन-अमेरिकेतील सत्र सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. प्रवेश हाती, निवड झालेली आणि पैशाचा पत्ता नाही, अशा अवस्थेत तो जुलै आणि ऑगस्ट या मुलांनी कसा काढला असेल? अर्थसंकल्पात फेब्रुवारीत तरतूद करणाऱ्या सरकारला १०६ विद्यार्थ्यांचा खर्च जुलैपर्यंत मोजता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. निवड झालेल्या प्रत्येकाला मंजुरीपत्र निवडीबरोबरच मिळावे. पहिला हप्ता विमानात बसण्यापूर्वी त्याच्या हाती पडावा आणि त्यात खोलीची अनामत धरलेली असावी. निर्वाहभत्ता त्या त्या देशाचे सरकार स्वतः जो खर्च धरते त्याहून कमी असू नये. विषयाची निवड विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक यांच्यावर सोडावी. जात हा विषय वर्ज्य ठरविणाऱ्या कलमाला नियमावलीत जागा असता कामा नये. एवढे करण्यास कोणा महाराजांच्या औदार्याची आवश्यकता नाही. तिजोरी आता प्रजासत्ताकाची आहे, आणि तिच्यात त्या शेतमजुराच्या काडेपेटीवरचा करही जमा होत आला आहे.