उशिरा पेरलेल्या मकेचा पहिला महिना



ज्यांची मका जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरून झाली, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. परवा बांधावर बसून मी एक रोप मुळासकट उपटलं. रोप चार पानांचं, आणि बुडाशी केना, घोळ, लव्हाळा इतका दाट की माती दिसेना. खालचं पान टोकापासून मधल्या शिरेनं पिवळं पडत आलेलं. ही नत्राची भूक. युरिया पडला होता, पण तो गवतानं खाल्ला.

उशिराची मका भर ओलीत उगवते. गवतही तिच्यासोबतच उठतं. वापसा मिळत नाही म्हणून कोळपं चालत नाही, आणि खुरपायला माणूस नाही; तरणे हात एमआयडीसीच्या शिफ्टमध्ये. म्हणून सावड करा. आज तुमच्या रानात चौघी, उद्या त्याच चौघी माझ्या रानात. पोळ्याची वाट पाहू नका, ३० दिवसांच्या आत रान स्वच्छ झालं पाहिजे.

फवारायचंच असेल तर तण दोन-चार पानांवर असताना, ओल असताना फवारा. टेंबोट्रायॉन (३४.४ टक्के) एकरी ११५ मिली, सोबत येणाऱ्या चिकट द्रवासह. मकेत तूर किंवा सोयाबीन असेल तर मात्र ते हातात घेऊ नका, आंतरपीक जळेल. आणि २,४-डीबद्दल हात जोडून सांगतो: वाऱ्यावर उडालेला त्याचा तुषार शेजारच्या कपाशीवर गेला की तिची पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात, आक्रसतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नीट न धुतलेल्या पंपानं माझ्या कपाशीच्या सहा ओळी गेल्या आहेत. झाड उभं राहतं, पण बोंड धरत नाही.

आता खत. हेक्टरी १२० किलो नत्र धरलं तर एकरी ४८ किलो. पेरताना डीएपीची ५० किलोची गोणी दिली असेल तर त्यातून ९ किलो मिळालं. उरलेल्याला युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या पुरतात. एक खुरपणी होताच, दुसरी ४५ दिवसांच्या सुमारास, तुरा निघायच्या आधी. पाणी साचलं असेल तर आधी चर काढा. खत फेकू नका. पोंग्यात दाणे पडले की पान भाजतं. ओळीलगत देऊन मातीआड करा. कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे दिसले तर तिथं जस्त कमी आहे, युरिया वाढवून उपयोग नाही.

ज्यांची मका गवतात पार बुडाली, त्यांनी तिच्यावर आणखी पैसा घालू नये. दुभती जनावरं असलेल्या शेजाऱ्याशी मुरघासाचं बोलून ठेवा. शंका असेल तर रोप घेऊन पैठण रोडच्या किंवा गांधेलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

सावडीला तयार असलेल्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला खुरपं घेऊन पारावर यावं. ज्या घरात एकटी बाई शेत ओढते, तिच्या रानापासून सुरुवात करू.

— चिकलठाणा शिवारातला एक शेतकरी