अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये आपली मुले असतील का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी करिअर मार्गदर्शनाचे शिबिर होते. गेल्या वर्षीच्या शिबिरात एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेला. "वीज केंद्रात सुपरवायझर आहे," असे तिने अभिमानाने सांगितले. बोलता बोलता कळले की मुलगा वीज केंद्राच्या नव्हे, तर ठेकेदाराच्या पटावर आहे. राख हाताळणीच्या कामावरच्या पंचवीसेक मजुरांची हजेरी घेणे आणि त्यांच्याकडून काम करून घेणे, ही त्याची सुपरवायझरी. ठेका बदलला की नोकरी राहील की जाईल, हे त्याला माहीत नसते. यंत्र बंद करून दुरुस्ती सुरू करायची तर परमिटवर सही कंपनीच्या इंजिनिअरची लागते. त्याची सही फक्त हजेरीपटावर चालते.

ऊर्जा क्षेत्रातल्या नोकऱ्यांबद्दल सध्या जे काही बोलले जात आहे, ते वाचताना मला हा मुलगा आठवतो. या क्षेत्रात आपली माणसे नाहीत असे नाही. प्रश्न आहे तो सहीचा. कोणाची सही कुठल्या कागदावर चालते, यावर या क्षेत्रातली खरी उतरंड ठरते.

बातमी काय आहे?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाले. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली आणि २०३३ पर्यंत अशा किमान पाच स्वदेशी अणुभट्ट्या चालू करण्याचे ठरले. आज देशाची अणुवीज क्षमता ९ गिगावॅटच्या आतबाहेर आहे. म्हणजे दोन दशकांत दहापटीहून मोठी उडी मारायची आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनेही रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर आधारित लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी नागरी दायित्व कायदा, या दोन्हींची जागा या कायद्याने घेतली. आतापर्यंत अणुवीज केंद्र चालवणे हे सरकारी कंपन्यांचेच काम होते. आता भारतीय खासगी कंपन्यांनाही परवाना घेऊन केंद्र उभारता आणि चालवता येईल. इंधनाचे समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया अशी संवेदनशील कामे सरकारकडेच राहणार आहेत.

अणुऊर्जा हवी की नको, हा स्वतंत्र प्रश्न आहे. जैतापूरच्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी तो अनेक वर्षे लावून धरला आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पण भट्ट्या उभ्या राहणारच असतील, तर त्या कोण चालवणार हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

शिडी कशी असते?

आपल्याकडे अणुऊर्जा म्हटले की शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात अणुवीज केंद्र चालते ते इंजिनिअर, डिप्लोमाधारक आणि आयटीआय झालेल्या तंत्रज्ञांच्या जोरावर. तारापूरचे केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि तिथेही हेच दिसते. आत जायचे सरकारी दरवाजे साधारण तीन आहेत.

पहिला दरवाजा इंजिनिअरिंगच्या पदवीचा. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन 'गेट' परीक्षेच्या गुणांवर एक्झिक्युटिव्ह ट्रेनी घेते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतून वैज्ञानिक अधिकारी होता येते. दुसरा दरवाजा डिप्लोमा किंवा बीएस्सीचा. त्यातून स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षणानंतर सायंटिफिक असिस्टंट होता येते. इथे साधारणपणे ६० टक्के गुणांची अट असते. तिसरा दरवाजा आयटीआय किंवा बारावी विज्ञानाचा. त्यातून टेक्निशियन होता येते. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळते. गरीब घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

यापुढची पायरी महत्त्वाची आहे. अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये कोणालाही बसता येत नाही. कंट्रोल इंजिनिअर आणि शिफ्ट चार्ज इंजिनिअर यांना लेखी आणि तोंडी परीक्षा व प्रत्यक्ष चाचण्या पार करून परवाना मिळवावा लागतो. तो ठरावीक काळाने नव्याने सिद्धही करावा लागतो. पाळीवर असताना केंद्र सुरक्षित राखण्याची जबाबदारी शिफ्ट चार्ज इंजिनिअरची असते आणि गरज पडली तर भट्टी बंद करण्याचा अधिकारही.

पर्यवेक्षकाच्या खुर्चीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला, तो कंत्राटी असला तरी, मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लावावा लागतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट, ही कामगारांसाठीची मर्यादा आहे. आज कोणाला आत पाठवायचे, किती वेळ पाठवायचे आणि कोणाला थांबवायचे, हे पर्यवेक्षक ठरवतो. झाडलोट आणि सफाईची जोखमीची कामे या देशात कोणाच्या वाट्याला येत गेली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून ते काम वाटून देणाऱ्याच्या खुर्चीत कोण बसते, हा प्रश्न पगारापुरता नाही.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. देशाच्या वीज विकासाचे नियोजन व्हावे म्हणून १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती.

त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिले. त्यात कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान व तंत्रशिक्षणाची गरज त्यांनी ठासून मांडली आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी केली. विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण महाग असते आणि सरकारी मदतीशिवाय आपल्या मुलांना ते परवडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला म्हणून परीक्षा फॉर्म अडलेली इंजिनिअरिंगची मुले शिबिरात भेटतात.

दरवाजा आहे, पण भिंत सरकते आहे

केंद्र सरकारच्या सार्वजनिक कंपन्यांत अखिल भारतीय खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या भरतीत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. महाराष्ट्राच्या सेवांत हे प्रमाण १३ टक्के आहे. आपल्या समाजातून अनेक इंजिनिअर वीज मंडळात, एनटीपीसीत, अणुऊर्जा खात्यात गेले ते या जागांमुळे आणि स्वतःच्या मेहनतीमुळे.

आता तीन बाजूंनी या जागा आक्रसत आहेत. पहिली बाजू कंत्राटीकरणाची. काम तेच राहते, पण पद कंपनीच्या आस्थापनेवरून ठेकेदाराच्या पटावर जाते आणि तिथे बिंदुनामावली नसते. दुसरी बाजू खासगी मालकीची. एनपीसीआयएल आणि एनटीपीसी यांची 'अश्विनी' ही संयुक्त कंपनी सरकारी आहे, तिथे आरक्षण लागू राहील. पण उद्या एखाद्या उद्योगसमूहाने स्वतःची अणुभट्टी उभारली, तर तिथल्या शिफ्ट चार्ज इंजिनिअरच्या निवडीत आरक्षणाचा प्रश्नच उद्भवणार नाही. देशाची क्षमता दहापट वाढेल आणि राखीव जागा मात्र आहेत तिथेच राहतील, असे होऊ शकते.

तिसरी बाजू पदोन्नतीची. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने पदोन्नतीतील आरक्षणाला आधार दिला. २००६ च्या नागराज निकालाने त्यावर अटी घातल्या. महाराष्ट्रात २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा निर्णय ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. भरती खालच्या पायरीवर होते, अधिकार वरच्या पायरीवर असतो. मधली पायरी काढून घेतली की आकडे चांगले दिसतात आणि सही दुसऱ्याचीच राहते.

जोखीम सर्वांची, तर संधी कोणाची?

खासगी कंपनीवर सामाजिक अट कशी घालणार, असे विचारले जाते. याचे उत्तर नव्या कायद्यातच दडलेले आहे. अणुअपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या दायित्वाला मर्यादा आहे. त्यावरच्या भरपाईचा भार केंद्र सरकारवर येतो. म्हणजे जोखमीचा मोठा वाटा करदात्यांचा, म्हणजे आपल्या सर्वांचा. जमीनही बहुतेक वेळा सरकारच संपादित करून देते. जोखीम सार्वजनिक असेल, तर रोजगार पूर्णपणे खासगी कसा?

महाराष्ट्रापुरता एक आधार आपल्याकडे आधीच आहे. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात अनुदानित संस्थांची व्याख्या करताना सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलती मिळालेल्या संस्था आणि उद्योगांचाही समावेश केलेला आहे. ही तरतूद कागदावर झोपून आहे. राज्यात अणुऊर्जेचे वा सौरऊर्जेचे प्रकल्प सवलती घेऊन येणार असतील, तर ती जागी करण्याची हीच वेळ आहे. आपल्या आमदार-खासदारांना, संघटनांना आणि वकील मित्रांना या कामाला लावले पाहिजे. मागणी नेमकी असावी: परवाना आणि सवलतींच्या करारात भरतीची, प्रशिक्षणाची आणि पर्यवेक्षक पदांवरील प्रतिनिधित्वाची अट, प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना मजुरीऐवजी ट्रेनीच्या जागा, आणि कोणत्या पायरीवर कोण आहे याचा दरवर्षी जाहीर तक्ता.

घरात काय करायचे?

कायद्याची लढाई चालू राहील, पण यंदाची भरती तिच्यासाठी थांबणार नाही. म्हणून काही साध्या गोष्टी. केंद्राच्या नोकरीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, तरी नुसते 'बौद्ध' लिहिलेला दाखला केंद्रात अडतो. मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला योग्य नमुना आधीच काढून ठेवा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून गेटची तयारी सुरू करा. डिप्लोमात ६० टक्क्यांच्या खाली घसरू नका, कारण तिथे एक टक्काही पूर्ण दरवाजा बंद करतो. आयटीआय झालेल्यांनी तारतंत्री आणि विद्युत पर्यवेक्षकाच्या शासकीय परवान्यांची माहिती घ्यावी. औष्णिक केंद्रात जायचे असेल, तर बॉयलर अटेंडंट आणि बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षांची. ही प्रमाणपत्रे ठेकेदाराच्या नसून तुमच्या स्वतःच्या नावावर असतात. ठेका गेला तरी ती जात नाहीत. आणि मुलींना या यादीतून वगळू नका.

शिबिरातल्या त्या मुलाला मी हेच सांगितले. त्याच्या डिप्लोमाला ६४ टक्के होते आणि वय अजून भरतीच्या मर्यादेत होते. स्टायपेंडरी ट्रेनी असे काही असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. यंदा त्याने अर्ज भरला आहे. त्याची निवड होईल की नाही, ते मला माहीत नाही. पण हे माहीत नसलेली अशी किती मुले आपल्या प्रत्येक वस्तीत हजेरीपटावर सही करत बसली आहेत, हे शोधण्याचे काम आपल्या विहारांनी आणि मंडळांनी या पावसाळ्याआधी सुरू करायला हवे.

जयभीम.