सापडत नाही म्हणजे छापले नव्हते काय?

अमुक ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील जुन्या वृत्तपत्रांची इतकी लक्ष पाने संगणकावर चढविली, अशी वार्ता अलीकडे वरचेवर वाचावयास मिळते, आणि जीर्ण कागदाचा भुगा होण्यापूर्वी त्याचे चित्र तरी उरले या विचाराने ज्यास समाधान वाटणार नाही असा इतिहासप्रेमी विरळाच. परंतु पानांच्या संख्येवरून अशा व्यवस्थेची योग्यता ठरविण्याचा जो शिरस्ता पडू पाहत आहे, तो मला सर्वस्वी अमान्य आहे. दप्तरखान्यात रुमाल किती आहेत यावरून दप्तरदाराची पारख होत नसते. मागितलेला कागद तो किती खात्रीने हाती देतो, यावरून होते.

मागे एका संग्रहाच्या संकेतस्थळावर, १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाविषयी एका मराठी साप्ताहिकाने काय लिहिले होते ते पाहण्याच्या हेतूने मी ‘दुष्काळ’ हा शब्द घालून शोध घेतला, तेव्हा एकही नोंद नसल्याचे उत्तर आले. त्या उत्तरावर विसंबलो असतो तर, दख्खनची रयत अन्नान्न करीत असता या पत्राने मौन धरले होते, असे विधान माझ्या हातून खुशाल लिहिले गेले असते. तीन संध्याकाळी खर्ची घालून एकेक पान उलटले, तेव्हा अंकामागून अंकात दुष्काळाची हकीकत निघाली.

याचे कारण असे की, शोध घेतला जातो तो मूळ पानात नव्हे, तर पानाचे चित्र पाहून यंत्राने जी अक्षरे ओळखली त्या यांत्रिक वाचनात. आणि ते वाचन कितपत विश्वसनीय आहे हे वाचकाला बहुधा कोणी सांगत नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांची जी परीक्षा २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत यंत्राने शेकडा ७८ शब्दच बरोबर वाचल्याचे आढळले, आणि मोठ्या अक्षराने आरंभ होणाऱ्या शब्दांत, म्हणजे बहुतांशी व्यक्तींच्या व स्थळांच्या नावांत, हे प्रमाण ६३ वर आले. जुन्या वृत्तपत्रात मनुष्य प्रथम शोधतो ते नावच!

रोमन लिपीची ही अवस्था, तर शिरोरेषेने जोडलेल्या, जोडाक्षरांनी भरलेल्या आणि झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या देवनागरीची काय कथा? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढलेल्या ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे, स्तंभांची सीमा न ओळखणारे यंत्र आडव्या ओळीने वाचीत गेले, तर दोन्ही भाषांची अशी खिचडी होईल की तीतून एकही वाक्य शाबूत निघणार नाही.

समजा, यंत्राने अक्षर न् अक्षर बिनचूक वाचले, तरीही मराठी वाचकाची अडचण संपत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरविले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले; त्यापूर्वीचे ‘गांव’, ‘नांव’, ‘केलें’, ‘घरांत’ आज ‘गाव’, ‘नाव’, ‘केले’, ‘घरात’ झाले, आणि ‘कवि’, ‘पद्धति’ यांचे अखेरचे इकार दीर्घ झाले. आज शाळेत शिकलेला मुलगा ‘गाव’ लिहून शोधू लागला, तर ‘गांव’ लिहिणारे आमचे सबंध एकोणिसावे शतक त्याच्यापुढे मुके उभे राहते. दोन्ही लेखनरूपे एकच मानून शोध घेणे संगणकाला मुळीच दुष्कर नाही. ती तजवीज जेथे नाही, ती व्यवस्था मराठीसाठी केलेली नव्हे, असेच मी म्हणेन.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा दाखला मला अनुकरणीय वाटतो. ‘ट्रोव्ह’ या त्यांच्या व्यवस्थेत पानाच्या चित्राशेजारी यांत्रिक वाचन त्याच्या सर्व दोषांसह उघडे ठेवलेले असते, आणि ते दुरुस्त करण्याची मुभा २००८ पासून सामान्य वाचकाला आहे. आजवर लोकांनी कोट्यवधी ओळी विनावेतन शुद्ध केल्या आहेत. आपली चूक झाकून न ठेवता ती लोकांच्या हवाली करण्यात त्या ग्रंथालयाची प्रतिष्ठा तिळमात्र उणी झाली नाही. न्यूझीलंडचे ‘पेपर्स पास्ट’ही विनामूल्य आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांचा मोठा संग्रह मात्र मुख्यतः वर्गणीदारांसाठी आहे, आणि सार्वजनिक ठेव्याला असा जकातनाका बसविणे मला रुचत नाही.

आणखी एक गोष्ट आवश्यक आहे: कोणते अंक संग्रहात आहेत आणि कोणते नाहीत याची फेरिस्त. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या ‘दीनबंधू’सारख्या पत्राचा शोध घेताना, अंकच उपलब्ध नाही की अंकात मजकूर नाही, हा भेद वाचकाला कळलाच पाहिजे, अन्यथा ज्यांचा आवाज आधीच क्षीण होता त्यांच्यावर मौनाचा खोटा आरोप येतो.

महाराष्ट्रातील ज्या ज्या संस्थांनी आपली जुनी पत्रे संगणकावर आणली आहेत, त्यांच्या चालकांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी यांत्रिक वाचन, ते कितीही सदोष असो, वाचकांपुढे ठेवावे आणि दुरुस्तीचा अधिकार त्यांना द्यावा. गावोगावचे निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक हे काम आनंदाने पत्करतील.