व्याह्यांशी याद्या, केटररशी तोंडी

लग्नसराई तोंडावर आली आहे आणि नात्यात दोन लग्नं ठरली आहेत, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. काका-मामा मंडळींनी रागावू नये.

"अहो, आपलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?" हे वाक्य मी प्रत्येक लग्नाच्या तयारीत ऐकतो. आणि बहुतेक लग्नांत पाठवणीच्या आधी त्याच 'आपल्या माणसाशी' कुणीतरी कोपऱ्यात हुज्जत घालत असतं!

गंमत बघा. लिहून घेणं ही काही साहेबाची खोड नाही. आपल्याकडे याद्या करतात. दोन्हीकडची वडीलधारी बसतात, कुठला खर्च कुणी करायचा, मानपान काय, ते कागदावर उतरवतात, त्याला हळदकुंकू लावतात. (त्यात हुंडा घुसडतात ते वाईटच, पण तो वेगळा विषय.) म्हणजे ज्यांच्याशी जन्माचं नातं जोडायचं, त्यांच्याशी लेखी. आणि ज्याच्याशी एका दिवसाचा व्यवहार, त्या केटररशी तोंडी. हा कुठला न्याय?

बरं, समोरचा लिहीत नाही असंही नाही. मंगल कार्यालयाच्या पावतीची मागची बाजू वाचून बघा. लग्न रद्द झालं तर डिपॉझिटचं काय, खोल्या किती वाजता सोडायच्या, विजेचे पैसे वेगळे, केटरर आमचाच. सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे कागद असतोच, फक्त तो एकतर्फी असतो. आपली बाजू तेवढी विश्वासावर!

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात 350 ताटं ठरली होती, बिल आलं 410 चं. मुलीचे वडील म्हणाले, बँडवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफरची माणसं यात धरायची नाहीत असं ठरलं होतं. केटरर म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. ठरलं कुठे होतं? फोनवर. ताटामागे 450 रुपये, म्हणजे 27,000 चा प्रश्न. बाहेर गाडी सजून उभी, आत मुलगी रडतेय. अशा वेळी कुठला बाप भांडेल? त्यांनी मुकाट्याने पैसे मोजले. तोंडी व्यवहारात तोटा कुणाचा होतो, तर त्या घटकेला ज्याला भांडता येत नाही त्याचा.

1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो, मान्य. पण तो सिद्ध कसा करणार? ग्राहक आयोगात गेलात तर पहिला प्रश्न कागदाचाच येतो. "मामांच्या समोर बोलले होते" म्हणून किती निभावणार? 2020 च्या टाळेबंदीत लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली, तेव्हा ॲडव्हान्स परत मिळवताना किती घरांची दमछाक झाली ते आठवा. तारीख पुढे गेली तर पैशांचं काय, एवढी एक ओळ लिहिलेली असती तरी बोलायला आधार होता.

वकील लागत नाही हो. एक पानभर कागद पुरतो. तारीख आणि वेळ, कमीत कमी ताटं किती, ती मोजायची कुणी, पदार्थांची यादी, आगाऊ रक्कम, उरलेली कधी द्यायची, रद्द झालं तर परत किती. फोटोग्राफर असेल तर प्रत्यक्ष कोण येणार आणि अल्बम कधी मिळणार. खाली दोघांच्या सह्या, प्रत दोघांकडे.

आणि हे फक्त आपल्या सोयीचं नाही. मेंदीवालीचे, वाढप्यांचे पैसे "नंतर बघू" म्हणून लटकवणारे यजमान मी पाहिलेत, आपल्याच नात्यात पाहिलेत! कागद असेल तर त्या बाईलाही हक्काने मागता येतं.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास, हे डोक्यातून काढा. माणूस खोटं बोलतो म्हणून नव्हे, विसरतो म्हणून लिहायचं. आणि सही मागितल्यावर जो 'आपला माणूस' रुसतो, तो आपला नाही हे लग्नाआधीच कळलं तर बरंच की!